एका भिंतीआड ऐंशी मालक

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या ‘क्लो द वूजो’ या रेड वाइनबद्दल आणि ती जिथून येते त्या जुन्या द्राक्षमळ्याबद्दल कोल्हापूर परिसरातल्या वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : फ्रान्सहून आलेल्या पाहुण्यांनी आम्हाला ‘क्लो द वूजो ग्राँ क्रू’, २०१५ सालची बाटली भेट दिली. कुतूहल म्हणून किंमत पाहिली, तर त्याच नावाची, त्याच सालची दुसरी बाटली आमच्यापेक्षा कितीतरी महाग निघाली. तिसरी त्याहून महाग. मग आमची बाटली नकली समजायची का? (ताराबाई पार्क)

नकली नाही. या मळ्याची कहाणी कळली की किमतीचं कोडं आपोआप सुटतं. ती कहाणी आपल्याकडच्या कोणालाही लगेच समजेल, कारण ती जमिनीच्या वाटण्यांची आहे.

‘क्लो’ म्हणजे भिंतीने बंदिस्त केलेला मळा. वूजो हे दिजाँ शहराच्या दक्षिणेला वीसएक किलोमीटरवरचं छोटंसं गाव. इथली जमीन बाराव्या शतकापासून सितो या ख्रिस्ती मठाच्या साधूंकडे तुकड्यातुकड्याने येत गेली. काही दान म्हणून, काही खरेदीने, काही अदलाबदलीने. मठाची स्थापना १०९८ सालची. साधूंनी तुकडे जोडत जोडत सलग क्षेत्र केलं आणि भोवती दगडी भिंत घातली. ती १३३६ साली पूर्ण झाली आणि आजही उभी आहे. आतलं क्षेत्र सुमारे ५० हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाशे एकर. १५५१ साली साधूंनी आत वाडाही बांधला.

फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता सरकारजमा झाली आणि १७९१ साली मळ्याचा लिलाव झाला. तरीही पुढची जवळजवळ शंभर वर्षं तो अखंडच राहिला. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तो ऊव्रार घराण्याकडे होता. १८८९ साली तो तुकडे पाडून विकला गेला आणि त्यानंतर वाटण्यांचं सत्र सुरू झालं. नेपोलियनच्या काळातल्या कायद्याप्रमाणे मुलामुलींना वारसा समान मिळतो, त्यामुळे दर पिढीला तुकडे वाढत गेले. आज भिंत एकच आहे आणि आत सुमारे ऐंशी मालक आहेत. सरासरी काढली तर प्रत्येकी दीड एकराच्या आसपास. काहींच्या वाट्याला तर मोजक्याच रांगा आहेत.

आता जमिनीकडे बघा. मळा पूर्वेकडे उतरता आहे. खालच्या रस्त्यापासून वरच्या भिंतीपर्यंत उंचीचा फरक जेमतेम पंधरा-वीस मीटर. तेवढ्यातच माती तीनदा बदलते. वरच्या टोकाला मातीचा थर पातळ, हात-दीड हात खणलं की चुनखडीचा खडक लागतो; पाणी क्षणभर थांबत नाही. मधल्या पट्ट्यात चिकणमाती आणि चुनखडीचे तुकडे मिसळलेले. खाली रस्त्याकडेला चिकण, भारी जमीन, थर मीटरभर खोल, आणि पावसाचं पाणी तुंबून राहतं. आपल्याकडे माळरान आणि नदीकाठची काळी मळी यांत जे अंतर असतं, ते इथे अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या चालीत सापडतं. वरच्या भिंतीला लागून म्यूझिनी आणि ग्राँ एशेझो हे दुसरे नामांकित मळे आहेत. खालचा रस्ता ओलांडला की पलीकडची जमीन साध्या बर्गंडी दर्जाची.

साधूंच्या हाती सगळा मळा होता तेव्हा ही विषमता अडचणीची नव्हती, उलट सोयीची होती. वरचा नाजूकपणा, मधला समतोल, खालचा भरीवपणा एकत्र करून एक वाइन बनवता येत असे. वरच्या पट्ट्याची पोपसाठी, मधली राजेरजवाड्यांसाठी आणि खालची साधूंच्या स्वतःच्या जेवणासाठी, अशीही एक आख्यायिका सांगतात. वाटण्या झाल्यावर मात्र ज्याच्या हाती जो पट्टा, त्याची वाइन त्याच पट्ट्याची. पुढे १९३७ साली सरकारने दर्जा ठरवला तेव्हा मातीचे पट्टे न पाहता जुनी भिंत हीच हद्द धरली आणि आतल्या सगळ्या जमिनीला सर्वोच्च ‘ग्राँ क्रू’ दर्जा दिला. त्यामुळे उतारावरच्या तुकड्याला आणि पाणथळ तुकड्याला लेबलावर नाव एकच मिळतं. ‘क्लो द वूजो’ आणि ‘क्लो वूजो’ या दोन्ही लेखनपद्धतीही चालतात. त्यावरून फरक शोधू नका.

म्हणून या वाइनच्या बाबतीत मळ्याच्या नावापेक्षा खालच्या ओळीतलं मालकाचं नाव जास्त महत्त्वाचं. मेओ-कामूझे यांचे वेल वाड्याजवळ वरच्या भागात आहेत, आन ग्रो यांचा तुकडा वरच्या ‘ग्राँ मोपेर्त्वी’ पट्ट्यात आहे. शातो द ला तूर हे सगळ्यांत मोठे मालक, पाच हेक्टरांहून जास्त क्षेत्राचे, आणि भिंतीच्या आतच वाइन बनवणारे तेवढेच. नुसत्या उंचीवर मात्र जाऊ नये. खालच्या पट्ट्यातला कष्टाळू शेतकरी उत्पादन आवरून, चर काढून, घड निवडून वरच्या आळशी मालकापेक्षा सरस वाइन देऊ शकतो. कोरड्या, कडक उन्हाच्या वर्षी खालची ओल धरणारी जमीन वेलींना तारतेही. लेबलावर ‘मी आं बुतेय ओ दोमेन’ किंवा ‘ओ शातो’ असे शब्द दिसले, तर ज्याची बाग त्यानेच वाइन करून बाटलीत भरली असं समजा. ‘नेगोसियां’ हा शब्द व्यापाऱ्याचा. तोही उत्तम असू शकतो, पण मग त्याने माल कोणत्या तुकड्यातून घेतला ते लेबलावरून कळत नाही.

२०१५ हे बर्गंडीच्या रेड वाइनचं चांगलं वर्ष. बाटली सांभाळली असेल तर तुमच्या घरी चांगली वस्तू आली आहे.

प्रश्न : आमची मिरज तालुक्यात द्राक्षबाग आहे, राहणं जयसिंगपूरला. या मळ्यात एकरी उत्पादन फारच कमी काढतात असं ऐकलं. ते मुद्दाम का? आणि त्यांची पिनो न्वार जात आपल्याकडे लावून बघावी का? (जयसिंगपूर)

मुद्दामच. या दर्जाला मूळ मर्यादा हेक्टरी ३५ हेक्टोलिटर, म्हणजे ३,५०० लिटर रसाची आहे. वर्ष पाहून थोडी सूट मिळते. एका बाटलीला साधारण एक किलो द्राक्ष लागतं हे धरा, म्हणजे हेक्टरी पावणेपाच टन, एकरी दोन टनांच्या आत. तुमच्याकडे खाण्याच्या द्राक्षाचं एकरी दहा-बारा टन निघतं. दुसऱ्या बाजूने मोजायचं तर त्या मळ्यातल्या दहा गुंठ्यांतून सुमारे ३५० लिटर वाइन होते. बर्गंडीचं लाकडी पिंप २२८ लिटरचं असतं. म्हणजे दहा गुंठ्यांत दीड पिंप.

लागवड हेक्टरी १०,००० वेलींची, एक मीटर बाय एक मीटर. आपल्यासारखा मांडव किंवा वाय पद्धत नाही. खोड गुडघ्याएवढं, घड जमिनीपासून हात-दीड हातावर, म्हणजे जमिनीची ऊब त्यांना मिळते. ट्रॅक्टर दोन ओळींमधून जातच नाही. तो उंच पायांचा असतो आणि ओळीच्या डोक्यावरून चालतो. प्रत्येक वेलीला हिवाळ्यात एकच छाटणी: सहा-आठ डोळ्यांची एक काडी आणि पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा खुंटारा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी ही दुहेरी पद्धत आपल्याला करावी लागते, कारण आपल्या हवेत वेल झोपतच नाही. तिथे थंडी स्वतःच वेलीला झोपवते. एका वेलीवर अर्ध्या किलोहूनही कमी माल ठेवतात. दोन वेलींची मिळून एक बाटली.

आपल्याला मणी लांब आणि फुगलेला हवा असतो, म्हणून जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं, डिपिंग करतो, विरळणी करतो, पाणी मोजून देतो. वाइनला याच्या उलट हवं. रंग, तुरटपणा आणि बराचसा वास सालीत असतो; मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. फुगवलेल्या मण्याची वाइन पाणचट होते. म्हणून तिथे जीए नाही आणि सिंचनालाही परवानगी नाही. ओळींत गवत वाढू देतात, जेणेकरून ते वेलीशी पाण्यासाठी भांडेल आणि मुळं खोल जातील.

खुंटाचा मुद्दा तुमच्या ओळखीचा आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या. बर्गंडीच्या या पट्ट्यात ती १८७८ साली दिसली. उपाय निघाला तो अमेरिकन जंगली द्राक्षाच्या खुंटावर कलम बांधण्याचा. पण पहिले खुंट चुनखडीच्या जमिनीत टिकेनात. चुन्यामुळे लोह उचललं जाईना, पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहू लागल्या. मग बर्लांडिएरी या चुना सोसणाऱ्या जातीचे संकर आले आणि आजही तिथे तेच वापरतात. आपण क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी डॉगरिज खुंट वापरतो, हिशेब तोच: आधी जमीन बघा, मग खुंट. आणखी एक धागा म्हणजे बोर्डो मिश्रण. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, हे एक टक्क्याचं प्रमाण तुम्हाला पाठ असेल. ते १८८० च्या दशकात फ्रान्सच्या बोर्दो भागात केवडा या द्राक्षाच्या रोगावर शोधलं गेलं. वूजोचे शेतकरीही केवड्यावर तांबं आणि भुरीवर गंधक मारतात.

आता लागवडीचं. आमचा सल्ला स्पष्ट आहे: लावू नका. पिनो न्वार ही थंड हवेची जात आहे. लवकर फुटते, साल पातळ, घड गच्च. अवकाळीचा एक पाऊस झाला की मणी तडकून घड आतून कुजतो. आपल्याकडे माल पिकतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारचं तापमान ३३-३५ अंशांवर असताना. साखर झपाट्याने चढते, आंबटपणा जळून जातो आणि वासाचे घटक तयार व्हायच्या आतच तोडणी करावी लागते. वाइनसाठी लावायचंच असेल तर शिराझ, काबर्ने सोव्हिन्याँ, शेनँ ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ या जाती महाराष्ट्रात रुळलेल्या आहेत. पण वाइनरीशी लेखी करार हातात पडल्याशिवाय एक काडीही लावू नये. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आल्यावर पुढे वाइनच्या जातींची लागवड वाढली, आणि करार न करता लावणाऱ्यांची पंचाईत झाली. बियांचा, बारीक मण्याचा हा माल बाजारात खायला कोणी घेत नाही आणि त्याचा बेदाणाही होत नाही.

प्रश्न : बाटली उघडली तर रंग अगदी फिका, कोकम सरबतासारखा. पाणी घातलंय का? (शिवाजी पेठ)

नाही. पिनो न्वारच्या सालीत रंगद्रव्यच कमी. ग्लासाच्या मागे धरलेली बोटं दिसावीत इतका पारदर्शक रंग हा या जातीचा स्वभाव आहे. वय वाढलं की कडेला विटकरी छटा येते, तीही नैसर्गिक. शिराझची गडद जांभळी वाइन पाहण्याची सवय असल्याने शंका येते, इतकंच. गोडी नसते, कारण सगळी साखर आंबवणात संपलेली असते.

प्रश्न : बाटली पाच-सात वर्षं ठेवून मग उघडायची इच्छा आहे. कोल्हापुरात घरी ठेवता येईल का? जुना वाडा आहे, भिंती जाड आहेत. (राजारामपुरी)

घरातल्या खोलीत, कपाटात, पलंगाखाली ठेवू नका. या वाइनला १२ ते १४ अंश तापमान लागतं आणि तेही स्थिर. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात पारा ३६-३८ वर जातो. दोन फुटी भिंतीचा वाडा दिवसरात्रीतला चढउतार कमी करतो, हे खरं; पण उन्हाळ्यात आतली हवा २६-२७ अंशांखाली येत नाही. पाच वर्षांत ते तापमान या वाइनचा जीव घेतं.

काय बिघडतं ते नीट समजून घ्या. उष्णतेने द्रव फुगतो, बाटलीच्या गळ्यातली हवा दाबली जाते आणि बूच किंचित वर सरकतं. रात्री थंड झालं की द्रव आकसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. असं रोज होत राहिलं की वाइन आतल्या आत हवेने शिळी होते. ओळखायच्या खुणा: वरचं पातळ टोपण बोटांनी फिरत नसेल, त्याच्या कडेला चिकट ओघळ वाळलेला असेल, बूच बाटलीच्या तोंडापेक्षा वर आलेलं दिसेल. चवीला अशी वाइन उकळलेल्या जॅमसारखी किंवा शिजवलेल्या मनुकांसारखी लागते आणि ताज्या फळाचा वास गायब होतो. ती परत सुधारत नाही.

सहा-आठ महिन्यांचाच प्रश्न असेल तर घरचा फ्रिज चालेल. दारात नको, कारण तिथे सतत हलते आणि दर वेळी तापते. खालच्या भाजीच्या खणात, वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी ठेवा. ४-५ अंशांना ती खराब होत नाही, फक्त वय वाढणं जवळजवळ थांबतं. वर्षानुवर्षं मात्र नको. फ्रिजची हवा कोरडी असते, बूच सुकतं.

पाच-सात वर्षांसाठी वाइनचं छोटं कपाट घ्यावं लागेल. घेताना एक गोष्ट दुकानदाराला विचाराच: कॉम्प्रेसर आहे का? बाजारात स्वस्त मिळणारी बरीच छोटी कपाटं थर्मोइलेक्ट्रिक असतात. ती खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ अंशच खाली जाऊ शकतात. खोली ३६ वर असेल तर आत २१! थंड देशात ती पुरतात, आपल्या मे महिन्यात नाही. कॉम्प्रेसरचं कपाट घ्या, १३ वर लावा, मागे चार बोटं मोकळी जागा ठेवा, उन्हाची भिंत आणि गॅसची शेगडी दोन्हीपासून दूर ठेवा. चार-सहा तास वीज गेली तर दार उघडू नका; आत जितक्या जास्त बाटल्या असतील, तितका गारवा टिकतो. एकच बाटली असेल तर शेजारी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लावून ठेवा, काम तेच होतं.

पावसाळ्याचं वेगळं. आपली जून ते सप्टेंबरची दमट हवा बुचाला बरी, पण लेबलावर बुरशी धरते. लेबलावर स्वयंपाकघरातलं पातळ प्लॅस्टिक घट्ट गुंडाळा.

शेवटची चूक प्रवासात होते. मुंबई-पुण्याहून गाडीच्या डिकीतून भर दुपारी बाटली आणणं म्हणजे वर्षांची निगा चार तासांत घालवणं. थर्माकोलच्या पेटीत बर्फाची पाकिटं टाकून, आतल्या सीटजवळ ठेवून, शक्यतो रात्री आणा. आणि महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो काढून ठेवा.

प्रश्न : एक जुनी बाटली उघडताना बूच मोडलं. तळाशी काळा गाळ होता तो सगळ्यांच्या ग्लासात गेला. चुकलं कुठे? (कसबा बावडा)

बाटली आडवीच उचलून लगेच उघडली असणार. गाळ म्हणजे वर्षानुवर्षं एकत्र येऊन खाली बसलेला रंग आणि तुरट द्रव्य. अपायकारक नाही, पण कडवट आणि कचकच लागतो. काचेच्या कणांसारखे चमकदार खडे दिसले तर ते टार्टरिक आम्लाचे असतात, तेही निरुपद्रवी.

दोन दिवस आधी बाटली उभी करा, थंड जागीच. उघडताना टोपण गळ्याच्या खालच्या कड्याखाली कापा आणि तोंड ओल्या फडक्याने पुसा. स्क्रू बरोबर मध्यात, सरळ, सावकाश फिरवा. पंधरा वर्षांपुढचं बूच ठिसूळ असतं, झटका देऊ नका. दोन टप्प्यांत, बाटली घट्ट धरून वर घ्या. अर्धं बूच आत राहिलंच तर स्क्रू तिरका घालून ते काचेच्या भिंतीवर दाबत ओढा. आत पडलं तरी वाइन वाया जात नाही, स्वच्छ धुतलेल्या मलमलीतून गाळा. चहाच्या गाळणीतून बुचाचे तुकडे अडतात, बारीक गाळ सुटतो. ओतताना बाटलीच्या गळ्यामागे मोबाइलचा टॉर्च धरा. एकाच संथ धारेत काचेच्या जगमध्ये ओता, बाटली परत सरळ करू नका. काळी रेघ गळ्यापर्यंत आली की थांबा. तळाचं घोटभर सोडून द्या.

आठ वर्षांच्या आतली वाइन जगमध्ये तासभर ठेवली तर खुलते. क्लो द वूजो तरुणपणी कडक, मिटलेली असते, तिला हा वेळ द्याच; खरं तर तिला दहा वर्षं तरी थांबावं. वीस वर्षांपुढची मात्र जगमध्ये रेंगाळू देऊ नका, तिचा वास अर्ध्या-पाऊण तासात उडून जाऊ शकतो.

उघडल्यावर पावसात भिजलेल्या पोत्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर तो बुचातल्या दोषाचा. ठेवून जात नाही, उलट वाढतो.

प्रश्न : तांबडा-पांढरा रस्सा आणि ही वाइन जमेल का? किती गार करायची? (मंगळवार पेठ)

तांबड्याबरोबर नाही. मिरचीचा जाळ आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, तुरटपणा कडू लागतो आणि एवढ्या नाजूक वाइनचा वास कांदा-लसूण मसाल्याखाली दबून जातो. नुकसान दोघांचं होतं, तांबड्याचंही.

आपल्याकडे याला सुंदर जोड आधीच आहे: अळणी मटण. मीठ, हळद, आलं-लसूण घालून शिजवलेलं, मिरचीचा स्पर्श नसलेलं. जेवण सुरू होण्याआधी वाटीभर अळणी, शिजून मऊ झालेला एखादा तुकडा आणि अर्धा ग्लास वाइन. मटणाचा रस आणि पिनोचा मातकट, ओल्या पानांसारखा वास इतका मिळतो की दुसरं काही नको वाटतं. पांढरा रस्साही चालेल. नारळाच्या दुधाची स्निग्धता तुरटपणा गोल करते, फक्त हिरवी मिरची कमी आणि मिरीही हात राखून. लिंबू पिळू नका, आणि कच्चा कांदा बाजूला ठेवा. शाकाहारी घरात लोण्यात परतलेलं मशरूम आणि मिरी. मग वाइनचा ग्लास आवरा आणि निवांत तांबड्यावर या. त्याच्याबरोबर काही हवंच असेल तर नाशिकची थंडगार, किंचित गोडसर शेनँ ब्लाँ बरी.

तापमान १५-१६ अंश. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या गार घरांचा आहे. आपल्या ३० अंशांच्या खोलीत नुसतं अल्कोहोल नाकाला झोंबतं. फ्रिजमधली बाटली पाऊण तास आधी बाहेर काढा. बाहेरची असेल तर बर्फ आणि पाणी अर्धंअर्धं घातलेल्या बादलीत बारा-पंधरा मिनिटं पुरतात. नुसत्या बर्फात गार व्हायला जास्त वेळ लागतो, पाणी हवंच. ग्लास पातळ काचेचा, पोट फुगीर, एक तृतीयांश भरा. ७५० मिलीमध्ये सहा जणांना व्यवस्थित पुरते. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे मटण शिजवायला.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये फ्रान्सला जाणार आहोत. मळा बघता येतो का? किती बाटल्या आणता येतील? (नागाळा पार्क)

दिजाँहून लोकल गाडीने वूजोला उतरता येतं. साधूंचा वाडा पाहायला खुला असतो. आत ओकच्या अजस्र तुळयांची जुनी चार द्राक्षपिळणी यंत्रं उभी आहेत. एकेका तुळईची लांबी बघूनच थांबायला होतं. वाडा १९४४ पासून ‘तास्तव्हँ’ या वाइनप्रेमी बंधुसंघाकडे आहे. तिथे वाइन बनत नाही, त्यामुळे खरेदीसाठी गावातल्या शेतकऱ्यांकडे आधी मेल करून वेळ घ्या. आयत्या वेळी दार वाजवलं तर बहुतेक ठिकाणी उघडत नाही. बर्गंडीच्या या सगळ्या नावाजलेल्या तुकड्यांना २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी शेजारच्या बोन गावात धर्मादाय रुग्णालयाच्या मळ्यातल्या वाइनचा लिलाव असतो. आदल्या संध्याकाळी वूजोच्या वाड्यात मेजवानी, दुसऱ्या दिवशी मेर्सो गावात शेतकऱ्यांचं जेवण. त्या तीन दिवसांत परिसरातली हॉटेलं खूप आधी भरतात, तेव्हा खोली आधी पक्की करा किंवा आठवडा बदला. भिंतीच्या आत वेलींच्या रांगांमधून चालू नका, पण वरच्या भिंतीच्या कडेच्या वाटेवर उभं राहून खाली रस्त्यापर्यंत नजर टाका. नोव्हेंबरात पानं गळालेली असतात, उताराचा वळसा आणि मातीचा बदलता रंग उघडा दिसतो.

परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. त्या चेक-इन बॅगेतच टाकाव्या लागतात. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिक पिशवीत, मग स्वेटरमध्ये, बॅगेच्या बरोबर मध्यभागी. विमानाच्या सामानकक्षात हवेचा दाब राखलेला असतो, त्यामुळे बूच उडेल ही भीती नको. घरी पोहोचल्यावर लगेच उघडू नका. हलून ढवळलेली वाइन दोन-तीन आठवडे थंड जागी आडवी पडू द्या.